पूजेतला टेकू

मिस्त्री, आज शुक्रवार, २९ ऑक्टोबर १९९९. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. राहात्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू आहे, तिथे एका लोडरच्या सावलीत बसून मी हे लिहितो आहे. डाव्या बाजूचा जॅक खोलून रॉड पोत्यावर ठेवला आहे, त्यावर डिझेलचं फडकं झाकलं आहे, कारण वाऱ्याबरोबर खडीची धूळ येते. नगरहून जॅकमधलं तेल अडवणारी सील यायची आहेत, ती चारच्या एसटीनं येतील. तोवर हाताला काम नाही. हाताला काम नसलं की मला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही अशा वेळी माझ्यापुढे नट-बोल्टचा डबा उपडा करायचा आणि म्हणायचा, "निवड." आज तसा डबा कोणी उपडा करणार नाही, म्हणून वही काढली. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत मी तुमच्या घरच्या माणसांसमोर गेलो नव्हतो. काल संध्याकाळी गेलो. त्यांच्या मनात तुम्ही कसे उरला आहात ते काल कळलं. ते तसं माझ्यामुळे झालं आहे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, सहीपुरती अक्षरं यायची, त्यामुळे हे पत्र तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मशीनबरोबर येणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी एकेक अक्षर लावून वाचायचो, शब्द कळला नाही तर तुम्ही चित्रावर बोट ठेवून सांगायचा की हा अमुक, आणि तो तोच असायचा. मी दहावीत इंग्रजी आणि गणितात गेलेला. वडील नगरात घरोघर पूजा सांगायचे. वर्कशॉपच्या मालकांकडे ते सत्यनारायणाला गेले होते, तिथेच माझ्या नोकरीचं बोलणं झालं. नव्वद सालच्या उन्हाळ्यात केडगावला, पुणे रस्त्याला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. मालक म्हणाले, "मिस्त्री, याला हाताखाली घ्या, गुरुजींचा मुलगा आहे." तुम्ही डोझरच्या साखळीखालून निम्मे बाहेर आलात आणि माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलंत. "नखं लई चकचकीत हायेत," तुम्ही म्हणालात, "किती दिस टिकत्यात बघू." त्या दिवसापासून शेडमध्ये माझं नाव भटजी पडलं.

पहिले आठ-दहा दिवस मी घरून पाण्याची बाटली आणायचो. आईनं तसं सांगितलं होतं. का, ते तिनं बोलून दाखवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, पण दोघांनाही माहीत होतं. शेडच्या कोपऱ्यात तुमचा माठ होता, सगळे त्याच्यातच प्यायचे. मग एका दुपारी बाटली संपली, ऊन रणरणत होतं, आणि मी कोरड्या तोंडानं पान्हे पुसत बसलो होतो. तुम्ही माठातून पेला भरून घेतलात, माझ्यासमोर उभं राहून सावकाश प्यायलात आणि म्हणालात, "पानी घरनं आनतोस. उद्या ग्रीसबी घरनंच आन. हितलं ग्रीस माज्या हातचं हाय." वेल्डर इतका हसला की त्याच्या हातातली कांडी खाली पडली. मी उठलो आणि माठातलं पाणी प्यायलो. तुम्ही पुन्हा साखळीखाली गेलात. त्या विषयावर तुम्ही नंतर कधीही काही बोलला नाहीत. माझी आई वारेपर्यंत तिला हे कळलं नाही.

काम तुम्ही बोलून शिकवलं नाही, फक्त एक गोष्ट सोडून. लोडरची बकेट वर असताना तिच्या दांड्याखाली कोणी जायचं असेल, तर आधी टेकू. तुमचा टेकू तुम्ही स्वतः केला होता. जाड पोलादी पाइप उभा चिरून पन्हाळीसारखा केलेला, दोन्ही टोकांना पट्टी जोडलेली. बकेट उचलणाऱ्या जॅकचा चकचकीत रॉड बाहेर असतो, त्यावर तो पालथा बसवायचा. मग तेल गेलं, पाइप फुटला, काहीही झालं तरी रॉड आत जात नाही आणि दांडा खाली येत नाही. दोन जॅकचे दोन टेकू. ते वाहून नेताना माझा खांदा सोलून निघायचा. आणि आत शिरण्याआधी तुम्ही मोठ्यानं विचारायचा, "टेकू?" बाहेरच्यानं उत्तर द्यायचं, "लावला." मगच तुमचं डोकं आत जायचं. एकदा तुम्ही मला आत पाठवलंत. मी शिकवल्याप्रमाणे ओरडलो, "टेकू?" तुम्ही म्हणालात, "लावला." मी शिरलो, पान्हा लावला, आणि तुम्ही माझा पाय धरून मला फरफटत बाहेर काढलंत. दोन्ही टेकू भिंतीला उभे होते. "कुटं लावलाय?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात ना." तुम्ही मला मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं झालं असतं असा तुमचा चेहरा होता. "मी म्हनलो म्हून? उद्या मी म्हनंन हिरीत उडी मार. हाक मारायची, ऐकायचं, आन मंग डोळ्यानं बघायचं. ह्या तिनातलं येक ऱ्हायलं तर घरी जा आन पूजा सांग." मी रडलो होतो. संध्याकाळी तुम्ही मला चहा पाजलात आणि कपात बोट दाखवून विचारलंत, "साखर हाय का बगितली का?"

वर्ष भरलं तेव्हा तुम्ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मला फट मोजायच्या पात्यांचा संच दिलात. मी पहिल्यांदा एकट्यानं इंजिनाच्या टॅपेटची फट लावली होती आणि तुम्ही कान लावून ऐकलं होतंत. तुम्हाला स्वतःला पाती लागत नसत, तुम्ही बोटानं हलवून सांगायचा. "तुला आकडा बगितल्याबिगर झोप न्हाई येत," तुम्ही म्हणालात, "म्हून." खरंच येत नव्हती. मी रात्री उठून वहीत बघायचो की दिवसभरात आवळलेले सगळे बोल्ट लिहिले आहेत की नाही. एखादी गोष्ट राहिली तर तिच्यामागून दुसरी वाईट गोष्ट येते, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. दहावीच्या पेपरला निघताना मी देवापुढे हात जोडायला विसरलो होतो. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि कदाचित पुढचं झालं नसतं.

एक्क्याण्णवची खंडेनवमी. मालकांनी मला आदल्या दिवशी सांगितलं, "गुरुजींचा मुलगा घरात असताना बाहेरून माणूस कशाला, या वेळी पूजा तूच मांड." मी सकाळी सहाला शेडमध्ये आलो. सगळे पान्हे डिझेलमध्ये धुतले, पुसले, लहानापासून मोठ्यापर्यंत सतरंजीवर ओळीनं मांडले. एकूण त्रेसष्ट हत्यारं होती. मधोमध काहीतरी मोठं हवं म्हणून तुमचे दोन टेकू शेजारी शेजारी ठेवले, त्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तुम्ही दहा वाजता आलात. पूजेला तुम्ही बसत नसायचा. आमच्या घरातलं हे छप्पन्न सालीच संपलं, असं तुम्ही एकदा सांगितलं होतंत, आणि ते सांगताना तुमच्या बोलण्यात राग नव्हता, एखादं मशीन विकून टाकलं असं सांगावं तसं होतं. पण दरवर्षी त्या दिवशी तुम्ही धुतलेला शर्ट घालून यायचा आणि पेढा खायचा. त्या दिवशी तुम्ही सतरंजीसमोर उभे राहिलात, हात मागे बांधून. "भटजी," म्हणालात, "टेकूला हार घातलास. मला कवा घालतोस?" सगळे हसले. मीही हसलो.

तीनच्या सुमाराला जीप आली. पारनेरच्या बाजूला एका पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथला लोडर मुरमानं भरलेली बकेट हवेत धरून अडकला होता. लिव्हर हलत नव्हती. कंत्राटदाराचा माणूस म्हणत होता की उद्या दसरा, मजूर सुटीवर जातील, आजच खाली घ्या. मालक पेढ्याचा बॉक्स बांधत होते. "जा मिस्त्री, तासाभराचं काम. पान्हे त्यांच्या जीपमध्ये आहेत." तुम्ही टोपी घातलीत, सतरंजीपाशी आलात आणि वाकून टेकूला हात घातलात. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हे मला वडिलांनी चार वेळा बजावलं होतं. मी मध्ये आलो. "मिस्त्री, आज नका उचलू," मी म्हणालो. "पूजा मोडेल." माझा आवाज कापत होता, ते तुम्ही ऐकलं असणार. मालकांनीही ऐकलं, पण ते दोरा गुंडाळत राहिले. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. तुमचा हात माळेवरच होता. मग तुम्ही तो काढून घेतलात, सरकलेलं एक फूल परत जागेवर केलंत. "ऱ्हाऊ दे," म्हणालात. "तुजी पूजा हाय, मी कशाला मोडू. बगू तितं कायतरी." तुम्ही स्वतः मानत नव्हता, तरी मोडली नाहीत. मानणारे असतात तर कदाचित देवाची माफी मागून टेकू उचलले असतेत. माझे वडीलसुद्धा असं करताना मी पाहिले आहेत. मी इतकी वर्षं याच्यावरच विचार करतो.

राळेगणच्या फाट्यावरून आपण दोघं जीपमधून पुढे गेलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तलावाच्या भरावावर मशीन उभं होतं, बकेट डोक्यावर. तुम्ही दोनदा भोवती फिरलात. मग बांधाकडे बोट दाखवलंत, तिथे बाभळी तोडून टाकल्या होत्या. त्यातला मांडीएवढा जाड ओंडका मी आणि जीपच्या ड्रायव्हरनं आणला, तुम्ही कुऱ्हाडीनं त्याची टोकं सपाट केलीत आणि तो दांड्याखाली उभा ठोकून बसवलात. त्याला धक्के देऊन बघितलंत. पायानं, मग खांद्यानं. मी हे सविस्तर लिहितो आहे कारण हे कुठेही लिहिलं गेलेलं नाही. तुम्ही आधार लावला होता. तुम्ही बघितला होता. मग तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि नेहमीसारखं विचारलंत, "टेकू?" मी ओंडक्याकडे बघत म्हणालो, "लावला."

व्हॉल्व्हच्या पाइपाचा नट सैल झाला आणि तेल फुसफुसत बाहेर आलं. दांडा बोटभर खाली येऊन ओंडक्यावर बसला. तुम्ही आतून म्हणालात, "बसला बग." त्या आवाजात समाधान होतं. मला वाटतं पंधरा-वीस सेकंद गेली असतील. ओल्या बाभळीची साल दांड्याखाली एकदम सोलून निघाली आणि ओंडका आडवा झाला. मला तुमचे पाय दिसत होते. तुम्ही ओरडला नाहीत. त्यापुढचं मला लिहिता येतं, पण ते लिहून तुम्हाला उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चौकीत माझा जबाब झाला. मालक जीप घेऊन माझ्याआधी पोचले होते. त्यांनी मला बाहेर झाडाखाली नेलं. "ओंडकाबिंडका लिहू नकोस," ते म्हणाले. "टेकू वर्कशॉपमध्ये होते, मिस्त्रींनी नेले नाहीत, हे खरं आहे की नाही? तेवढंच लिही. जास्त लिहिलंस तर विचारतील, का नेले नाहीत. मग विचारतील, कोणी नेऊ दिले नाहीत." ते मोठ्यानं बोलले नाहीत, खांद्यावर हात ठेवून बोलले. आत हवालदार म्हणाले, "शिकलेला दिसतोस, तूच लिही." मी लिहिलं. 'कोणताही आधार न लावता, सांगूनही न ऐकता, मिस्त्री स्वतःच्या जबाबदारीवर मशीनखाली गेले.' 'सांगूनही न ऐकता' हे मालकांनी सांगितलं नव्हतं, हवालदारांनीही नाही. वाक्य पुरं वाटेना म्हणून ते माझ्या हातून आलं. हवालदारांनी कागद वाचला, म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे रे." भरपाईचा अर्ज त्याच कागदावर फेटाळला गेला. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. मालकांनी तुमच्या घरी, मावशींना, दहनाचा खर्च आणि एका महिन्याचा पगार दिला. महिन्याभरात मावशी तुमच्या मुलीला घेऊन भावाकडे राहात्याला गेल्या. मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो नाही. ताप आला आहे असं सांगितलं.

मी मिस्त्री झालो आहे. तालुक्यातालुक्यांतून मला बोलावणी येतात, लोक म्हणतात की हा हळू आहे पण मशीन परत बोलावत नाही. माझ्या हाताखाली असलेल्यांना मी तुमचे तिन्ही नियम शिकवतो. ते कोणाचे आहेत ते सांगत नाही, कारण सांगितलं की ते विचारतील, मग ते कसे गेले.

काल काम आटोपून बाजारात हात धुवायला थांबलो, तिथे पेरूच्या पाट्या लागल्या होत्या. एका पाटीमागून आवाज आला, "भटजी न्हवं का तू?" आठ वर्षांत मला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. मावशींचे केस पिकले आहेत. पाट्या शेजारणीवर सोपवून त्या मला घरी घेऊन गेल्या, मी नको नको म्हणत असताना. एक खोली आहे, पुढे पडवी. पडवीत तुमची मुलगी शिवण मशीनवर बसली होती, कपाळ तुमचंच. तुमचा फोटो भिंतीवर आहे, पण दाराच्या मागे, दार उघडलं की झाकला जातो. मावशींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मी प्यायलो.

"मिस्त्री झालास म्हनं," त्या म्हणाल्या. "नीट करत जा बाबा. घाई करू नको. त्यांची घाईच नडली. येवढी वर्सं मशीनीत गेली, आन येक टेकू लावायचा कट्टाळा केला. सनाचा दिस, घरी यायचं आसंल. पर आमचा तरी इचार करायचा." मुलीकडे हात करून म्हणाल्या, "हिलाबी सांगते. सुईखाली बोट घालताना बापावानी करू नको. त्याला सांगनारं हुतं कुनीतरी, त्यानं ऐकलं न्हाई."

मुलगी म्हणाली, "आई, किती वेळा तेच." मग मशीनचं चाक हातानं थांबवून माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही गेलात तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला एखादी वेगळी गोष्ट ऐकायची होती, असं मला वाटलं. तुम्ही बाभळीचा ओंडका कसा बसवलात, खांद्यानं धक्के देऊन कसा बघितलात, आणि त्याच्याआधी माळेवरचा हात का काढून घेतलात, हे सांगायला मला पाच मिनिटं पुरली असती. चहा अजून उकळत होता.

मावशींनी विचारलं, "तू हुतास न्हवं तितं. खरं का न्हाई रं?"

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि मावशींना वाचून दाखवायचं धैर्य माझ्यात नाही, म्हणून इथे तरी पुरतं लिहितो. मी "हो" म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर काल कसंतरी झोपलो असतो. पण मुलगी बघत होती, आणि माझ्या तोंडून आणखी एक वाक्य निघालं, जे कोणी विचारलंही नव्हतं. मी तिला म्हणालो, "मी त्यांना टेकू घ्या म्हणालो होतो."